तेल चालू गाडीत बघायचं

यात एकही नाव बदललेलं नाही.

मी बदलणार होतो. अमेयच म्हणाला, "बदलू नकोस. माझं तर अजिबात नको."

अमेय माझा मावसभाऊ. हैदराबादेतच वाढला, तिथेच एका आयटी कंपनीत आहे. भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्याची आधी तो टर उडवायचा. आता नाही उडवत.

हे घडलं यंदाच्या फेब्रुवारीत, बरकतपुऱ्यात, त्यांच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. रात्र नव्हती. अमावस्या होती की नाही, त्याने बघितलं नाही. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि वर कोणाच्या तरी कुकरची पहिली शिट्टी झाली होती.

तो जसा सांगत गेला तसंच लिहितो. गाडीच्या गिअरप्रमाणे. ऑटोमॅटिक गाडीत पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे.

पीवरून डीवर जायचं तर दांडा आरमधून न्यावाच लागतो. दुसरी वाट नाही.

पी

गाडी त्याच्या बाबांची. दोन हजार पाचची, पांढरी. बाबा गेल्यापासून दोन वर्षं जागेवरून हललेली नव्हती. गिअरबॉक्स जळालेला, चाकांत हवा नाही, वर राखाडी कव्हर.

सोसायटीने चिठ्ठी दिली होती. महिनाअखेरपर्यंत गाडी चालू करा, नाहीतर हलवा.

त्या सकाळी अमेय दूध आणायला उतरला. जाता जाता त्याने कव्हर बाजूला केलं आणि बॉनेटवर हात ठेवला.

गरम.

त्याला वाटलं, उन्हाने असेल. पण अजून ऊन पडलं नव्हतं, आणि त्या पार्किंगमध्ये ते येतही नाही.

त्याने बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. बॅटरी त्यानेच दोन वर्षांपूर्वी काढून इन्व्हर्टरवाल्याला दिली होती. रिकाम्या ट्रेमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळं अख्खं होतं.

आणि आतून आवाज येत होता...

टिक्... टिक्... टिक्...

लांबून चालवून आणलेली गाडी बंद केली की धातू थंड होताना येतो ना, तो.

वॉचमनची बायको राणी मागे झाडत होती. दिवाळीनंतर आलेली, नवीन.

"भय्या, झाडू के टैमपे गाडी चालू नक्को करो. धुआँ सीधा मुँह पे आता."

"कौनसी गाडी?"

तिने झाडू रोखला. "यहीच. रोज तो करते."

"कौन करता?"

"मेरेकू क्या मालूम? मैं नीचे देख के झाडती."

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम लवकर उतरला. बॉनेट गरम. दारं बंद, काचा वर, किल्ली वर घरात खिळ्याला.

ड्रायव्हरच्या सीटवर तेलाची पट्टी होती.

गिअरबॉक्समधलं तेल किती आहे ते बघायची लांब पट्टी. ती बॉनेटखाली नळीत असते. ती सीटवर, चार घड्या घातलेल्या रुमालावर नीट ठेवलेली.

रुमाल पांढरा, निळ्या काठाचा. त्यावर तेलाच्या दोन काळपट रेघा.

बाबा असंच करायचे. एकदा पुसायचं, पट्टी परत आत घालून बघायचं, घडी उलटवायची, दुसऱ्यांदा पुसायचं.

तसला रुमाल घरात उरला नव्हता. शेवटचा आईने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

स्मशानात नेताना.

आर

अमेयचे बाबा, आबासाहेब, तारनाक्याला रेल्वेच्या एका संस्थेत शिकवायचे. डावा पाय लहानपणापासून अधू. चालताना एक पाऊल पडायचं आणि एक घासत यायचं. क्लच दाबणं जमायचं नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. त्या वेळी ओळखीत कोणाकडे नव्हती. "काका, ही गाडी आहे की शिलाई मशीन?" असं मीच त्यांना विचारलं होतं.

दर रविवारी सकाळी ते स्वतः तेल बघत. बाकी काही निघालं तर गौलीगुड्याला मेकॅनिक अप्पारावकडे. अप्पाराव मूळचा तेलुगू, पण गौलीगुड्यातल्या मराठी शेजाऱ्यांत वाढलेला. दोघांचं छान जमायचं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायची मनाई.

"अमेय, रविवारी गाडी अप्पारावकडे ने. गिअरबॉक्सचं तेल बघून घेऊ दे."

"त्याला अप्पाराव कशाला? पट्टी काढायची नि बघायची. इंजिनिअर आहे मी, बाबा."

"कॉम्प्युटरचा."

"बाबा!"

"बरं बाबा, तू बघ. फक्त बघताना एक लक्षात—"

"कळतं मला."

त्याने ते वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

गाडी रात्रभर उभी होती. बंद. इंजिन ऑइल बंद गाडीत बघतात, हेही तसंच असणार. त्याने पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर.

अप्पारावने जास्त भरलंय, त्याने ठरवून टाकलं. औषधांच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि नळी आणली. तासभर बसून एक लिटर तेल पाण्याच्या बाटलीत काढलं. बाटली गटारात ओतली.

वर गेल्यावर काकांनी विचारलं, "ठीक?"

"परफेक्ट."

एप्रिलमध्ये काका गाडी चालवू लागले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "चढाला इंजिन नुसतं ओरडतं रे. गाडी सुटल्यासारखी वाटते."

"डोळे नवीन मिळाले ना, आता कानांनाही सगळं नवीन ऐकू यायला लागलं."

काका हसले. भात कालवत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी पावणेदोनला फोन आला. अडिकमेटच्या पुलाच्या चढावरून.

"अमेय, गाडी ओढत नाहीये."

"दांडा डीमध्ये आहे ना?"

"आहे रे."

"नीट बघा. एनमध्ये असेल. तेल मी स्वतः बघितलंय, त्यात काही नाही. बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"बरं, बरं. तू काम कर."

मीटिंग नव्हती.

(अमेयनेच सांगितलं की तो घरी होता, जेवत होता, मोबाइलवर मॅच लावलेली होती. पूल घरापासून पंधरा मिनिटांवर.)

सव्वादोनच्या सुमाराला काका स्टिअरिंगवर डोकं टेकलेले सापडले. इंजिन चालू. एप्रिलचं ऊन. अप्पारावनेच त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलच्या जिन्यात अप्पाराव मावशीसमोर उभा राहिला. शर्ट घामाने भिजलेला.

"अम्मा, माझी चूक. गिअरबॉक्सचं सील मी नीट बसवलं नाही. तेल गळून गेलं."

अमेय तीन हातांवर होता. त्याला ती पाण्याची बाटली आठवली. सील गळालेलं नाही, हे कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती.

त्या क्षणी त्याला काय वाटलं?

"हायसं वाटलं," अमेय मला म्हणाला.

माझ्याकडे न बघता.

अप्पाराव खोटं का बोलतोय, हे त्याने विचारलं नाही. मावशीने सगळ्यांना सांगितलं, त्या मेकॅनिकने माझा माणूस घालवला. ओळखीच्या मराठी घरांतल्या गाड्या एकेक करून अप्पारावकडे जाणं बंद झालं. अमेयने कोणालाही अडवलं नाही. तेल बघायची बरोबर पद्धत कुठली, हे त्याने दोन वर्षांत कधी शोधलंही नाही. मोबाइलवर एका मिनिटात कळलं असतं.

म्हणून नाही शोधलं.

एन

रुमाल त्याने जाळला. तिसऱ्या सकाळी तो परत सीटवर होता. चार घड्या.

त्याने घाईघाईने एका मोठ्या वर्कशॉपच्या माणसाला बोलावलं. त्याने बरोबर आणलेली बॅटरी लावून, स्क्रीन जोडून बघितलं, मान हलवली. "इतक्या जुन्या मॉडेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आम्ही उघडत नाही. भंगारात घाला."

मावशी ऐकून फणकारली. "भंगारात नाही जायची ती. यांची गाडी आहे. आणि त्या माणसाच्या दारात तर मुळीच न्यायची नाही."

जुन्या ऑटोमॅटिकला हात लावणारा दुसरा माणूस मिळेना.

"कुकटपल्लीला नेतो," अमेय तिला म्हणाला. आणि गाडी टो करून गौलीगुड्याला नेली.

अप्पाराव म्हातारा दिसत होता. दुकानाची अर्धी जागा आता एक टायरवाला वापरत होता. तो बाहेर आला, ड्रायव्हरच्या बाजूला वाकला आणि म्हणाला, "नमस्ते सार."

अमेयला तो कधीच सार म्हणत नसे. अमेयबाबू म्हणायचा. सार फक्त काकांना.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

त्याने बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं आणि बराच वेळ नुसतं तापू दिलं. मग चालू इंजिनातच पट्टी काढायला हात घातला.

"चालू गाडीत?" अमेयच्या तोंडून गेलं.

"मग? बंद गाडीत सगळं तेल खाली उतरून बसतं, पट्टी जास्त दाखवते. कोणी त्याला जास्त समजून काढलं का, झालं कल्याण. इंजिन गरम करायचं, चालू ठेवायचं, मग बघायचं. सारला तर झोपेत पण माहीत होतं."

इंजिन गरम करायचं...

चालू ठेवायचं...

अमेयला गरम बॉनेट आठवलं. टिक् टिक् आठवली. राणीच्या तोंडावर येणारा धूर आठवला.

रोज सकाळी कोणीतरी तेल बघत होतं. बरोबर पद्धतीने.

अप्पारावने पट्टी बोटाला लावली, हुंगली. काळी, जळका वास. मग ब्रेक घट्ट दाबून, दांडा डीमध्ये टाकून ॲक्सिलरेटर दिला. चांगला गिअरबॉक्स असता तर गाडी दबून थरथरली असती. इथे इंजिन किंचाळलं आणि गाडी ढिम्म.

"आतल्या प्लेटा जळाल्या. कमी तेलावर चालली ना."

'ना' म्हणताना त्याने अमेयकडे बघितलंही नाही.

"नवीन मिळेल?"

"नवीन कुठला? अपघातातल्या गाडीचा बघतो. आठ दिवस द्या."

डी

नवव्या दिवशी दुपारी अमेय गेला. जुना गिअरबॉक्स उतरवून फरशीवर ठेवलेला. दुसरा धुऊन पुसून शेजारी. त्याच्या तोंडाशी भाकरीच्या तव्याएवढा जाड गोल भाग बसवायचा होता, कन्व्हर्टर.

"हा फिरवत फिरवत आत सरकवायचा," अप्पाराव म्हणाला. "तीन वेळा टक झालं पाहिजे. दोनवर बोल्ट मारला तर आतला पंप फुटतो. मग हा पण गेला."

त्याने फिरवला.

टक.

अजून फिरवला.

टक.

तिसरा येईना.

काढला, पुसला, परत लावला. टक. टक. पुढे काही नाही. तासभर झाला. अप्पारावच्या कपाळावरचा घाम कन्व्हर्टरवर पडत होता.

"चाळीस वर्षांत असं झालं नाही माझ्या हाताला." तो उठला, हात पुसले, लांब स्टुलावर चहाचा ग्लास घेऊन बसला. "सार आज ऐकेनात."

थट्टाच होती. पण दोघंही हसले नाहीत.

टायरवाला जेवायला गेला होता. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

अमेय उभाच होता. त्या गोल लोखंडाकडे बघत तो म्हणाला, "अप्पाराव, सील गळालं नव्हतं."

अप्पारावने ग्लास खाली ठेवला.

"तेल मी काढलं होतं. एक लिटर. बंद गाडीत बघून. आणि बाबांना सांगितलं, परफेक्ट."

...

...

टक.

अप्पाराव स्टुलावर. अमेय चार हातांवर. कन्व्हर्टरला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

तो पूर्ण आत बसला होता. अप्पारावने जाऊन मोजपट्टीने मोजलं. दोनदा मोजलं. मग तिथेच उकिडवा बसून राहिला.

"मला माहीत होतं, अमेयबाबू."

"काय?"

"सारचा मला पण फोन आला होता ना, पुलावरून. तुला केल्यानंतर. गाडीखाली एक थेंब नाही आणि पट्टीच्या फक्त टोकाला तेल. ते म्हणाले, अप्पाराव, एक लिटर तेल घेऊन ये. पोराने बंद गाडीत बघितलेलं दिसतंय. जास्त दिसलं म्हणून काढलं असेल."

अमेय त्याच्यासमोर फरशीवर बसला.

"मी म्हटलं, सार, मी सांगतो त्याला पद्धत. तर म्हणाले, नक्को. मोठ्या हौसेने केलं त्याने. घरी कोणी विचारलं तर सील गळालं म्हण. मी हौ म्हणालो." त्याने डोळे पुसले, तेलकट हातानेच. "तेल घेऊन पोचलो तर सार... मग शब्द कसा मोडणार? परत घ्यायला माणूसच नव्हता."

"अप्पाराव, दोन वर्षं लोक तुला—"

"हौ. बोलले."

"मग मला तरी येऊन सांगायचंस."

"तुला काय सांगायचं? तुला माहीतच होतं ना."

संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स चढला. अप्पारावने लाल, ताजं तेल भरलं. इंजिन गरम करून, चालू ठेवून, पट्टी अमेयच्या हातात दिली.

"तू बघ."

बरोबर होतं.

एन

घरी येताना काचीगुड्याच्या सिग्नलला त्याने दांडा एनमध्ये टाकला. सिग्नल तीन वेळा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवत, शिव्या देत बाजूने गेले.

आर

मावशी भाजी निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाटली, परफेक्ट, मीटिंग, अप्पारावने दिलेला शब्द.

तिने एकच विचारलं. "त्यांनी तुला फोन केला होता?"

हे तिला ठाऊक नव्हतं. मोबाइलमधला तो कॉल अमेयने त्याच रात्री पुसला होता, स्वतःच्या आणि काकांच्याही.

"हो."

"मला वाटायचं, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही त्यांना."

ती भाजी तशीच टाकून आत गेली.

सकाळी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली. "चल. गौलीगुडा."

"आई, पुढे बस ना."

"मागेच बरी आहे."

दुकानासमोर ती उतरली आणि रस्त्यातच अप्पारावला वाकून हात जोडले. तो पाय मागे घेत राहिला. "अम्मा, नक्को. नक्को अम्मा." शेवटी ती एवढंच म्हणाली, "रविवारी घरी जेवायला यायचं. आणि ज्यांना ज्यांना मी तुमच्याबद्दल बोलले ना, त्यांना मीच फोन करणार आहे."

तिने केले. एका वहीत नावं लिहून, एकेकाला. "चूक माझ्या मुलाची होती," असं प्रत्येकाला. अमेय शेजारच्या खोलीत बसून ऐकत होता. सतरा फोन.

त्याच्याशी ती बोलते. जेवलास का, गॅस आला का, एवढं.

गाडीत अजून मागेच बसते.

पी

अमेयला वाटलं होतं, आता थांबेल.

सोमवारी बॉनेट गरम होतं.

राणीने वैतागून झाडायची वेळच बदलली. रुमाल येतच राहिला. फक्त त्याच्यावरच्या रेघा आता काळपट नसतात. लाल असतात, ताज्या तेलाच्या.

मे महिन्यात मी त्यांच्याकडे चार दिवस राहायला होतो. खरं सांगतो, मला यातलं निम्मंही पटलेलं नव्हतं. रविवारी सकाळी अमेयने माझ्यासमोर तेल बघितलं. इंजिन गरम करून, चालू ठेवून. मलाही दाखवलं. दोन खुणांच्या बरोबर मध्ये. मग गाडी बंद केली, आम्ही वर आलो, किल्ली त्याने खिळ्याला लावली.

सोमवारी साडेसहाला आम्ही बाल्कनीत चहा घेत होतो. किल्ली माझ्या डोळ्यांसमोर, खिळ्याला.

खाली इंजिन चालू झालं.

मी अमेयकडे बघितलं. तो कपात बघत होता.

इंजिन चालत राहिलं. एक मिनिट... दोन... चार... आत मावशीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. तीही ऐकत होती.

मग बंद झालं.

बॉनेट लावल्याचा आवाज. आणि नंतर, अगदी हळू...

एक पाऊल.

एक घासट.

एक पाऊल.

एक घासट.

"काल तू बघितलंस ना माझ्याबरोबर?" अमेयने विचारलं. "बरोबर होतं ना?"

"होतं."

"मी दर रविवारी बघतो. दर वेळी बरोबर असतं." त्याने कप खाली ठेवला. "तरी सोमवारी ते परत बघतात."